पुंगळीचा भरवसा

बंदुकांवर लिहिणारे बहुतेक जण बंदुकीवरच लिहितात. रायफल कोणत्या बनावटीची, नळी किती लांब, पल्ला किती, कोणत्या लढाईत तिने नाव काढले. गोळी सुटल्यावर बाजूला उडून जमिनीवर पडणारी पितळी पुंगळी या वर्णनात कुठे नसते. असलीच तर पोलिसांच्या पंचनाम्यात असते. हे पुस्तक त्या पुंगळीविषयी आहे आणि त्यामागचे माझे म्हणणे सरळ आहे. स्वतःच पुढची गोळी भरून घेणाऱ्या हत्याराची विश्वासार्हता आपण हत्यारात शोधतो. ती बऱ्याच अंशी असते पुंगळीच्या धातूत, तो धातू कसा घडवला यात आणि तो कुठे, कसा साठवला यात. पुंगळीला गोळीचे वेष्टन समजणे चूक आहे. ती बंदुकीचाच एक भाग आहे, फक्त दर फैरीला नवा येणारा. बाकीचे भाग हजारो फैरी टिकावेत म्हणून केलेले असतात. हा एकच भाग एकदाच कामाला येतो, आणि त्या एका खेपेला तो चुकला की बाकीचे सगळे भाग जागच्या जागी थांबतात.

धार आणि देवासच्या मराठी वाचकापुढे हा विषय मांडण्याला कारण आहे. धारचे एक आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीची दोन, अशी पवारांची तीन संस्थाने ज्या टापूत नांदली, तिथे काडतुसाच्या इतिहासाचे जवळजवळ सगळे टप्पे शंभरेक किलोमीटरांच्या आत सापडतात. धारच्या किल्ल्याला १८५७ च्या ऑक्टोबरात वेढा पडला तो कागदी काडतुसांच्या काळात. महूच्या छावणीत आज लष्कराचे इन्फन्ट्री स्कूल आणि नेमबाजीचे खास पथक आहे, इंदूरला सीमा सुरक्षा दलाची शस्त्रप्रशिक्षणाची केंद्रीय शाळा आहे; दोन्हीकडे रोजचा व्यवहार पितळी काडतुसांचा. आणि धार जिल्ह्याच्या दक्षिणेकडून निमाडात उतरत गेले की चोरट्या भट्ट्यांवर हाताने पिस्तुले घडवली जातात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. या भट्ट्यांचा माझ्या म्हणण्याशी फार जवळचा संबंध आहे. त्याकडे शेवटी येतो.

सुरुवात कागदापासून. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचे काडतूस म्हणजे कागदाची वळलेली नळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी, आणि गोळीभोवतीच्या कागदावर चरबी किंवा मेण. शिपायाने दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून चरबी लावलेला भाग गोळीसकट नळीच्या तोंडात घालायचा, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची. चरबी हवी होती ती नळीतल्या आट्यांमधून गोळी सहज सरकावी आणि जळक्या दारूची काजळी मऊ राहावी म्हणून. थोडक्यात, वंगणाचा प्रश्न होता आणि तो पुंगळीच्या सामग्रीत सोडवला होता. ती चरबी गाईची की डुकराची, हा संशय १८५७ च्या जानेवारीत डमडमला उठला, हे शाळेतल्या पुस्तकात असते. पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. बराकपूरला फेब्रुवारीत चौकशी बसली तेव्हा शिपायांनी चरबीइतकाच कागदावर संशय घेतला होता. नवा कागद जुन्यापेक्षा वेगळा, चकचकीत दिसत होता. तो तपासला, त्यात चरबी नसल्याचा निर्वाळा दिला गेला. संशय गेला नाही. एप्रिलअखेर मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, ती तर एन्फिल्डची नव्हतीच, जुन्याच पद्धतीची होती. तोपर्यंत हाताने फाडायला आणि स्वतःच्या पसंतीचे वंगण लावायला परवानगी मिळालेली होती. उपयोग झाला नाही.

यावर कोणी म्हणेल की १८५७ चा उठाव धातुशास्त्राच्या पुस्तकात ओढून आणू नये; त्याची कारणे खालसा झालेली राज्ये, सारा, पगार, मानापमान यांत आहेत. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा मालव्यातच आहे. महूला १ जुलै १८५७ रोजी बंगाल फौजेची २३ वी पलटण उठली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत धारच्या किल्ल्यासमोर ब्रिगेडियर स्टुअर्ट आणि ड्युरँड यांची जी फौज उभी होती तिच्यात मुंबई फौजेचे देशी शिपाई होते, आणि आतून लढत होते अरब, मकरानी आणि विलायती, म्हणजे अफगाण, भाडोत्री. धारचे यशवंतराव पवार मे महिन्यात वारले होते, गादीवर आनंदराव हे अल्पवयीन. दरबाराचा ताबा या भाडोत्र्यांनी घेतला होता. ऑक्टोबरअखेर तटाला खिंडार पडल्यावर ते रातोरात निसटले, संस्थान जप्त झाले आणि काही वर्षांनी परत मिळाले. काडतूस हेच मूळ कारण असते तर बंगालचे शिपाई एका बाजूला आणि मुंबईचे दुसऱ्या बाजूला असे चित्र दिसले नसते. तरीही काडतुसाने जे केले ते करायला दुसरी कुठलीही सरकारी वस्तू समर्थ नव्हती. तंबू, बूट, पट्टा, अगदी रायफलसुद्धा शिपाई वापरतो. काडतूस तो तोंडात धरत होता. सामग्रीवरचा विश्वास हा प्रयोगशाळेतल्या दाखल्याने मिळत नाही, ती वस्तू वापरणाऱ्याला ती कशाची आहे हे कळावे लागते. पुढच्या धातूच्या काडतुसांतही हा मुद्दा सुटलेला नाही, फक्त धर्माच्या जागी दुसऱ्या शंका आल्या.

धातू आला तोही एकदम पितळेची अखंड पुंगळी होऊन आला नाही. कर्नल बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी १८६० च्या दशकात जे काडतूस काढले त्याची भिंत म्हणजे पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली नळी, आणि बुडाला लोखंडी चकती. मार्टिनी-हेन्री रायफलीतही हाच प्रकार चालला. परेडच्या मैदानावर तो बरा होता. १८८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्लियाच्या लढाईत वाळू आणि उष्णता यांच्यात रायफली अडकल्या. गुंडाळलेला पत्रा चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेला, चिकटायचा, ओढताना बूड निघून यायचे आणि नळी आतच राहायची. त्याआधी १८७६ मध्ये अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या लढाईतही तांब्याच्या मऊ पुंगळ्या कार्बाइनमध्ये रुतल्याचे पुरावे आहेत. दोन्ही सैन्यांची हत्यारे त्या काळाच्या मानाने उत्तम होती. यानंतर इंग्रजांनीही अखंड ओढलेल्या पितळी पुंगळीकडे मोर्चा वळवला.

अखंड पुंगळी करायची तर सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त अशा पितळेची जाड चकती घ्यायची, दाबून तिची वाटी करायची, मग ती वाटी एकाहून एक अरुंद साच्यांतून ओढत लांब आणि पातळ करत न्यायची. प्रत्येक ओढीत पितळ ताठर होते, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करावे लागते. शेवटी एकाच पुंगळीत तीन स्वभाव हवे असतात: बूड कठीण, मधले अंग लवचीक, मान मऊ. लष्करी काडतूस हातात घेऊन मानेकडे पाहिले तर तिथे निळसर-तपकिरी झाक दिसते. ती मळाची नव्हे, मान तापवल्याची खूण आहे, आणि लष्करी मालावर ती मुद्दाम ठेवतात.

ही खूण इतकी महत्त्वाची का ठरली त्याचे कारण हिंदुस्थानच्या पावसाळ्यात आहे, आणि या पुस्तकातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. इथल्या छावण्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात कुणी हात न लावता तडकायची. मानेपाशी, लांबीच्या दिशेने, बारीक चीर. बाहेरून धक्का नाही, गंज नाही. ऋतूवर येणारा हा रोग म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचेच नाव दिले. कारण कळायला अनेक वर्षे गेली. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी ते नीट मांडले. ओढताना पितळेत ताण कोंडलेला राहतो. तो एकटा काही करत नाही. दमट हवेत अमोनिया असला की तो पितळेच्या कणांच्या सांध्यांवर हल्ला चढवतो आणि कोंडलेला ताण ती वाट मोठी करतो. अमोनिया कुठला? घोड्यांच्या पागेतला, मुताचा. दारूगोळा जनावरांच्या जवळ ठेवला जात होता. मालव्यात आगरला सेंट्रल इंडिया हॉर्स या घोडदळाची छावणी होती, महूलाही घोडी होती. पाऊस, पागा आणि पितळ हे त्रिकूट या भागात प्रत्येक छावणीत एकत्र नांदत असणार. उपाय दोन निघाले आणि दोन्ही साधे होते. पुंगळी शेवटी हलकी तापवून कोंडलेला ताण काढायचा, आणि दारूगोळा पागेपासून दूर ठेवायचा. पहिला कारखान्याचा, दुसरा कोठाराचा. रायफल बनवणाऱ्याच्या हातात यातले काहीच नव्हते, आणि तडकलेली पुंगळी अडकली की शिव्या मात्र रायफलीला.

हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत हे सगळे चालून जात असे. पुंगळी घट्ट बसली तर शिपाई जोर लावतो, दांडा तळहाताने ठोकतो. हाताला कळते की आज जास्त ताकद लागते आहे. आपल्या पायदळाने १९६२ ची लढाई अशाच .३०३ रायफलीने लढली. त्यानंतर ईशापूरला बनलेली ७.६२ मि.मी. ची सेल्फ-लोडिंग रायफल सर्वत्र आली आणि हाताची जागा वायूने घेतली. या रायफलीत गोळी नळीतून पुढे जात असताना थोडा वायू बाजूच्या छिद्रातून दट्ट्यावर येतो, दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, बोल्टचा आकडा पुंगळीच्या कडेला धरून ती बाहेर ओढतो, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येताना तो मॅगझीनमधली नवी गोळी चेंबरमध्ये ढकलतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. या कामासाठी मिळणारी ताकद ठरलेली असते. पुंगळी घट्ट बसली म्हणून वायू जास्त जोर लावत नाही.

त्या क्षणी चेंबरमध्ये काय चालते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दारू पेटते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन हजार किलोच्या आसपास दाब तयार होतो. पुंगळीची भिंत फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे यायची वाट बंद करते. हे तिचे पहिले काम. दाब उतरताच तिने आकसून चेंबरपासून सुटले पाहिजे, हे दुसरे. पहिल्यासाठी धातू नरम हवा, दुसऱ्यासाठी ताठ. पितळ दोन्ही साधते, कारण तितक्याच ताणाला ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट लांबते आणि म्हणून सुटताना दुप्पट आकसते. शिवाय जाता जाता ते चेंबरमधली बरीच उष्णता घेऊन जाते. जर्मनांनी पुंगळीशिवायची जी-११ रायफल करून पाहिली तेव्हा या उष्णतेचे महत्त्व ध्यानात आले. तापलेल्या चेंबरमध्ये उघडी दारू आपोआप पेटण्याचा धोका त्यांना बरीच वर्षे पुरला, आणि ती रायफल अखेर सैन्यात रुजली नाही.

आता मोठा आक्षेप. पितळ एवढे अपरिहार्य असेल तर कलाश्निकोव्हचे काय? रशियाने पोलादी पुंगळ्या अब्जावारी काढल्या, त्याआधी तांब्याच्या टंचाईत जर्मनीनेही लाख फासलेल्या पोलादी पुंगळ्यांवर महायुद्ध काढले, आणि कलाश्निकोव्हची ख्याती तर न अडकण्याबद्दलच आहे. आक्षेप खरा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. ७.६२ बाय ३९ चे काडतूस शेजारी ठेवून पाहा: बुडापासून मानेकडे ते चांगलेच निमुळते होत जाते. निमुळती वस्तू किंचित मागे सरकली की सगळ्या बाजूंनी एकदम सुटते. त्या रायफलीचा चेंबर सैल, बोल्ट जड, वायू मुबलक. म्हणजे पोलाद कमी आकसते हे गृहीत धरून त्याभोवती हत्यार उभे केले आहे. तीच पोलादी पुंगळी सरळ भिंतीच्या, नेटक्या चेंबरच्या रायफलीत घातली की तक्रारी सुरू होतात. लोक तेव्हा लाख वितळल्याचे खापर फोडतात. बहुधा दोषी असते काजळी. पोलाद चेंबरला तितके घट्ट चिकटत नाही, वायू मागे झिरपतो आणि काजळी साठत जाते. पोलादाला लाख किंवा तांब्याचा मुलामा का लागतो हे धारकरांना मुद्दाम सांगायला हवे, कारण त्यांच्या लाट मशिदीजवळचा तो प्रचंड लोहस्तंभ शतकानुशतके उघड्यावर टिकून आहे. पण ते फॉस्फरस जास्त असलेले जुन्या भट्टीचे लोखंड आहे. पुंगळीचे मऊ पोलाद मालव्याचा एक पावसाळा उघड्यावर काढणार नाही.

दुसरा आक्षेप शिकवणाऱ्या उस्तादांकडून येतो आणि तो जास्त वजनदार आहे: हत्यार थांबते ते बहुतेक वेळा मॅगझीनमुळे, मळामुळे, नाहीतर निगेअभावी. कारगिलच्या थंडीत इन्सास रायफलीची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी झाल्या, त्यांत पुंगळीचा दोष काय? काहीच नाही. पण थांबण्याचे प्रकार सारखे नसतात. मॅगझीन बदलता येते, गोळी नीट चढली नाही तर बोल्ट पुन्हा ओढता येतो. चेंबरमध्ये रुतलेली पुंगळी, किंवा बूड तुटून आत राहिलेली नळी, ही हत्याराला काठी करून सोडते. व्हिएतनाममध्ये १९६५ ते ६७ च्या दरम्यान एम-१६ रायफलीचे नेमके हेच झाले. नळीतून गज घालून पुंगळी ठोकून काढणारे सैनिक मारले गेले आणि अमेरिकी संसदेला १९६७ मध्ये चौकशी करावी लागली. दारूचा प्रकार मधेच बदलला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता म्हणून दमट हवेत तो गंजून खडबडीत झाला होता, सफाईचे साहित्य दिले नव्हते. पुंगळी पितळेचीच होती. हे उदाहरण माझ्या विरुद्ध वापरले जाते. मला ते माझ्या बाजूचे वाटते. पितळ चांगले म्हणून काम भागत नाही, ते कोणत्या भिंतीला टेकते आणि कोणत्या दारूने ढकलले जाते हे त्याच हिशेबात धरावे लागते. तिथे रायफल, दारू आणि चेंबर यांचा विचार तीन वेगवेगळ्या टेबलांवर झाला होता.

आता त्या भट्ट्या. मालवा-निमाडात पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घडवणारे शिकलगर कारागीर आहेत. सगळ्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे, आणि कौशल्य असून कायदेशीर काम नाही ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांतले काही चोरून मॅगझीनवाली पिस्तुले करतात. ती पोलिसांनी पकडल्याच्या बातम्यांत पिस्तुलासोबत काडतुसांचा आकडा असतो. ती काडतुसे बहुतेक कारखान्यातली, कुठून तरी वाट चुकून आलेली. पिस्तूल भट्टी, कानस आणि हातोडा यांवर घडू शकते. एका अंगाला कठीण आणि दुसऱ्या अंगाला मऊ अशी पुंगळी, हजारात हजार सारखी, तशी घडत नाही. तिला पितळ ओतण्यापासून दाबयंत्रांपर्यंतची सगळी साखळी लागते. आपल्याकडे ती साखळी उभारायला शतक गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, भुसावळजवळचा वरणगावचा १९६४ चा, आणि पितळेसारख्या धातूंसाठी अंबरनाथ आणि कटनी. हत्यार आणि काडतूस यांत अवघड काय, याचा निकाल निमाडातल्या भट्टीने कधीच लावून टाकला आहे.

हलक्या पुंगळीचा शोध अर्थातच चालू आहे. ७.६२ बाय ५१ च्या काडतुसाच्या वजनात जवळजवळ अर्धा वाटा पुंगळीचा असतो, आणि ते ओझे सैनिकाच्या पाठीवर असते. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलके, पण चिवट नाही. प्लॅस्टिकची भिंत आणि धातूचे बूड हा मेळ जमत आला आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मि.मी. च्या काडतुसाच्या एका प्रकारात बूड पोलादाचे आणि अंग पितळेचे आहे, कारण तिथला दाब नुसत्या पितळेला झेपत नाही. यातले काही ना काही दहा-वीस वर्षांत इथे येईल. पण आजच आपल्या सैन्याकडे इन्सासचे ५.५६, सिग रायफलीचे ७.६२ बाय ५१ आणि अमेठीजवळ बनणाऱ्या एके-२०३ चे ७.६२ बाय ३९ अशी तीन काडतुसे एकाच वेळी आहेत. तिघांचा निमुळतेपणा वेगळा, पुंगळीकडून अपेक्षा वेगळ्या. त्यांत पोलादी पुंगळीचा माल आला तर मेच्या उन्हात तापणाऱ्या आणि जुलैत ओल धरणाऱ्या कोठारात तो पितळी मालाशेजारी किती वर्षे ठेवायचा, आणि तपासायचा कशाने, हा प्रश्न पुस्तकाच्या उत्तरार्धात घेतला आहे. पूर्वार्ध कागदापासून पितळेपर्यंतचा आहे. घाई असलेल्या वाचकाने थेट पावसाळ्यात तडकणाऱ्या पुंगळ्यांचे प्रकरण उघडावे.